प्रेमकथेसाठी पदवी सोडावी का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. पाचगणीहून वाईच्या महाविद्यालयात जाणारी आपली कन्या वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बर्फाळ गावांतल्या इंग्रजी प्रेमकथा वाचून तशीच कादंबरी मराठीत लिहिण्यासाठी ती शिक्षण सोडायचे म्हणते, आणि तिची सहा प्रकरणे वाचल्यापासून आपणही द्विधा झाला आहात. आपण ती वाचलीत याचे मला कौतुक वाटते, कारण बहुतेक पालक वही न उघडताच निकाल देतात.

पदवी सोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. समजा, ३०० रुपयांच्या पुस्तकावर लेखिकेला १० टक्के मानधन ठरले आणि १००० प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली, तरी हाती ३०,००० रुपये येतील, आणि आवृत्ती संपायला कित्येकदा दोन-तीन वर्षे जातात. एवढ्यावर घर चालत नाही.

मात्र हा प्रकार हलका आहे असे तिला सांगू नये. लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालेली मिल्स अँड बून ही संस्था मुख्यतः प्रेमकथांवर आजवर टिकून आहे. शेवट गोड होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते, आणि तरीही त्याला शेवटपर्यंत धाकधूक वाटली पाहिजे. हे साधणे फार अवघड असते.

तिच्या प्रकरणांत धुराडी आणि बर्फाची माणसे आहेत, असे आपण लिहिता. ती तिने पाहिलेली नाहीत. कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठून हिमकण होतात, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर बसतो, ते तिच्या अंगणापासून फार दूर नाही. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ऐन थंडीत तोडणीला येते. पहाटे गारठलेल्या बोटांनी फळे खुडून खोकी भरणाऱ्या दोघांची गोष्ट मला तरी परदेशी चहाघरातल्या भेटीपेक्षा वाचावीशी वाटेल. जवळच्या भिलारला २०१७ पासून घराघरांत पुस्तके वाचायला ठेवली आहेत. सुट्टीत तिने तिथे बसून मराठी कादंबऱ्या वाचाव्यात, कारण सध्या तिच्या वाचनात त्यांचीच उणीव दिसते.

पदवीनंतर मराठी विषयात एम.ए. किंवा पत्रकारिता घेता येईल. अनुवाद, मुद्रितशोधन आणि श्राव्य पुस्तकांचे लेखन-संपादन या कामांतून मिळकत होते आणि लेखणीही चालती राहते. ज्या वाईत ती शिकते तिथेच मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. संपादन म्हणजे काय, हे तिने तिथे जाऊन विचारावे.

तूर्त तिने रोज सकाळी तासभर लिहावे आणि एका प्रकरणाची स्वतंत्र कथा करून दिवाळी अंकाकडे पाठवावी, तीही पावसाळ्याच्या सुरुवातीलाच, कारण गणपतीनंतर पाठवलेल्या कथेला बहुधा जागा उरलेली नसते. पुढे कादंबरीचा करार झाला, तर सही करण्यापूर्वी आपण तो स्वतः वाचावा. हक्क किती मुदतीसाठी दिले हे लिहिलेले नसल्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती मुदत ५ वर्षे धरली जाते. आणि अनुवाद, श्राव्य पुस्तक व चित्रपट यांचे हक्क ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत सरसकट देऊन टाकू नयेत.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक