तीन वर्षांच्या मुलासाठी गाई-म्हशींचं हसवणारं चित्रपुस्तक कसं निवडावं?

आधी मजकूर नको, चित्रं बघा. या वयात विनोद चित्रात लागतो. म्हैस गोठ्यात बसलीय आणि मालक वैरण चघळतोय, असं उलटंपालटं दिसलं की पोरं खदखदून हसतात. शब्दांच्या कोट्या त्यांना इतक्यात कळत नाहीत. एका पानावर दोन-तीन ओळी पुरेत, आणि एखादी ओळ पानोपानी परत येणारी हवी. तिसऱ्या वाचनाला पोरगं ती आपल्या आधी म्हणतं!

आवाज मराठीच हवेत. कोंबडा ‘कुकूच कू’ करतो, शेळी ‘बें बें’. भाषांतरात गाय ‘मू’ करायला लागली की मी पुस्तक खाली ठेवते.

आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळं घरात म्हशीला पहिला मान. लेकीला गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं होतं, तिथं गिऱ्हाइकासमोरच म्हशीची धार काढून देतात. समोर धार काढताना बादलीत ‘चुर्र चुर्र’ वाजलं, फेस वर आला आणि म्हशीनं शेपटी फटकारली. घरी आल्यावर पुस्तकातल्या म्हशीला तिनं तसाच आवाज दिला. तुमच्या जवळपास गोठा असेल तर जरूर न्या, पुस्तक दुप्पट रंगतं.

ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्टची मराठी चित्रपुस्तकं चाळून बघा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर तर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. पण झोपताना मोबाईल नको, कागदाचंच पुस्तक घ्या. पान उलटायच्या आधी जरा थांबा, गंमत तिथंच असते.