वाळीत टाकणं, बहिष्कार आणि पाठ फिरवणं

प्रश्न असा आला आहे: एका गाजलेल्या गेम-स्ट्रीमरबद्दलच्या (इंटरनेटवर थेट गेम खेळून दाखवणाऱ्याबद्दलच्या) बातमीत 'गैरवर्तन उघड होताच चाहत्यांनी त्याला वाळीत टाकलं' असं वाचलं. 'कॅन्सल करणं', म्हणजे गैरवागणुकीमुळे एखाद्या प्रसिद्ध माणसाला जाहीरपणे नाकारणं, याला हा शब्द चालेल का? शिवाय अशा बातम्यांत 'वादाच्या भोवऱ्यात', 'नेटकऱ्यांनी ट्रोल केलं', 'दिलगिरी व्यक्त केली', 'धक्कादायक खुलासा' हे शब्द ठरलेलेच असतात. ते बरोबर आहेत का?

आधी 'वाळीत'. चालणार नाही, असं माझं ठाम मत आहे. 'वाळीत टाकणं' हा आपल्याकडे नुसता वाक्प्रचार नाही, तो आजही घडणारा गुन्हा आहे. वाळीत टाकलेल्या घराला वाणी किराणा देत नाही, लग्नाचं आमंत्रण येत नाही, घरात मयत झालं तर खांदा द्यायला कुणी फिरकत नाही. त्या घराशी जो बोलेल त्यालाही दंड. परत जातीत यायचं तर पंचांपुढे दंड भरून, हात जोडून. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी वर्षानुवर्षं येत राहिल्या, अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम चालवली आणि अखेर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केलेला हा कायदा जुलै २०१७ पासून लागू झाला. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आळंदीच्या विठ्ठलपंतांच्या लेकरांची कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला या शब्दामागचा छळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता हाच शब्द स्ट्रीमरला लावून पाहा. वाळीत टाकताना जमात जागेवरच राहते आणि एका दुबळ्या घराला बाहेर ढकलते. स्ट्रीमरच्या बाबतीत स्ट्रीमर जागेवर असतो आणि प्रेक्षक एकेकटे उठून जातात. शिवाय इथे ताकद त्याच्या हातात असते: पैसा, प्रसिद्धी, लाखोंपर्यंत पोहोचणारा आवाज. चॅनेल बघणं सोडणाऱ्या माणसाला पंचांच्या रांगेत बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. खऱ्या वाळीतग्रस्तांवर तर त्याहून मोठा, कारण त्यांचं दुःख सांगायला असलेला शब्द आपण झिजवून टाकतो.

'बहिष्कार' त्या मानाने सोपा आहे, फक्त विभक्ती सांभाळा. मराठीत त्याचे दोन वापर शेजारी शेजारी नांदतात. परदेशी मालावर बहिष्कार, मतदानावर बहिष्कार, हा लोकांनी वरच्या सत्तेविरुद्ध उचललेला मार्ग. टिळकांच्या चतुःसूत्रीत तो स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या जोडीला बसला. दुसरीकडे 'बहिष्कृत', म्हणजे वरच्यांनी ज्याला बाहेर ठेवलं तो. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या नावात तो अर्थ आहे. म्हणून 'चॅनेलवर बहिष्कार टाकला' हे बरोबर, तेही लोकांनी ठरवून, जाहीर करून टाकला असेल तरच. 'स्ट्रीमरला बहिष्कृत केलं' हे नको. आणि बहुतेक वेळा खरं तर यातलं काहीच घडलेलं नसतं. लोक गुपचूप बघायचं थांबतात. त्यासाठी 'पाठ फिरवली' हा शब्द तयार आहे.

'कॅन्सल' या एका शब्दात चार वेगवेगळ्या लोकांच्या चार कृती कोंबलेल्या असतात, ही त्यातली खरी अडचण. डॉक्टर डिसरिस्पेक्ट या नावाने खेळणाऱ्या अमेरिकन स्ट्रीमरचं प्रकरण घ्या. २६ जून २०२० रोजी ट्विच या लाइव्ह प्रक्षेपणाच्या मंचाने त्याच्यावर बंदी घातली, कारण सांगितलं नाही. त्याने कंपनीवर दावा लावला, २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला आणि दोन्ही बाजूंनी कुठलीही चूक मान्य केली नाही. जून २०२४ मध्ये ट्विचच्या एका माजी कर्मचाऱ्याने जाहीरपणे लिहिल्यावर विषय पुन्हा उघडला आणि २०१७ मध्ये एका अल्पवयीन व्यक्तीशी खासगी संदेशांतून बोलणं झालं होतं, ते कधी कधी अनुचित वळणावर जात होतं, हे त्याने स्वतः मान्य केलं. मनात काही वाईट हेतू नव्हता, असंही त्याने लिहिलं. फौजदारी खटला झाला नाही. त्याच्याच सहभागाने उभ्या राहिलेल्या गेम स्टुडिओने संबंध तोडले, हेडसेट बनवणाऱ्या टर्टल बीचने करार संपवला, यूट्यूबने जाहिरातींचं उत्पन्न बंद केलं. आणि प्रेक्षक? सप्टेंबर २०२४ मध्ये तो परतला तेव्हा बघायला तुफान गर्दी होती.

म्हणजे बंदी घातली एकाने, संबंध तोडले दुसऱ्याने, पैसे थांबवले तिसऱ्याने, आणि चाहत्यांपैकी कितीतरी जणांनी पाठ फिरवलीच नाही. 'चाहत्यांनी वाळीत टाकलं' हे वाक्य अशा ठिकाणी शब्द म्हणून चुकतं आणि बातमी म्हणूनही खोटं ठरतं. माझा आग्रह एवढाच की कर्ता लिहा. कोणी, काय केलं. मराठी क्रियापदं त्यासाठी भरपूर आहेत.

'वादाच्या भोवऱ्यात' हा तर मला सगळ्यांत जास्त खटकणारा प्रयोग. वादाला दोन बाजू लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इंडियाज गॉट लेटंट' या यूट्यूबवरच्या कार्यक्रमात रणवीर अलाहाबादियाने आईवडिलांबद्दल अश्लील प्रश्न विचारला, महाराष्ट्र सायबरने गुन्हा नोंदवला, कार्यक्रम चालवणाऱ्या समय रैनाने सगळे भाग काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने रणवीरला खडे बोल सुनावले, पण अटकेपासून संरक्षणही दिलं. बोलणं घाणेरडं होतं हे मान्य करूनही त्यासाठी पोलीस केस हवी का, यावर माणसं खरोखर दोन बाजूंनी भांडली. तिथे 'वाद' बरोबर आहे. पण कुणी एका मुलीला त्रास दिला आणि तिने तक्रार केली, तर तो वाद कसा? तो आरोप आहे, तक्रार आहे. 'वाद' म्हटलं की दोघांनाही समान माप लागतं. 'भानगड' आणि 'लफडं' याहून वाईट. या शब्दांत दोघांची राजीखुशी गृहीत असते, चवीने चघळण्याचा सूर असतो. समोरची व्यक्ती अल्पवयीन असेल किंवा मार खाल्लेली असेल तेव्हा हे शब्द वापरूच नयेत. 'घोटाळा' पैशांचा, त्याला तिथेच राहू द्या. काहीच ठरलेलं नसेल तेव्हा 'प्रकरण' लिहावं, त्यात कुणाची बाजू घेतली जात नाही. 'गैरवर्तन' चालेल. हा नोकरीच्या नियमांत नेहमी येणारा शब्द, म्हणून त्यापुढे 'नियम कोणाचा' हा प्रश्न येतो. ट्विचने एप्रिल २०२१ मध्ये आपल्या मंचाबाहेरच्या गंभीर वागणुकीलाही नियम लावायचं जाहीर केलं, तेव्हापासून निदान तिथे त्याला उत्तर आहे.

'ट्रोल'बद्दल. सध्या कुणी कुणावर कसलीही टीका केली की 'नेटकऱ्यांनी ट्रोल केलं'. जानेवारी २०२३ मध्ये एट्रिऑक नावाच्या स्ट्रीमरच्या लाइव्हमध्ये त्याच्या ब्राउझरचा एक टॅब चुकून दिसला. ती स्त्री-स्ट्रीमर्सचे चेहरे चिकटवून बनवलेल्या अश्लील डीपफेक व्हिडिओंची साइट होती, आणि त्यातल्या बायका त्याच्या ओळखीच्या होत्या. लोकांनी त्याला धारेवर धरलं, फैलावर घेतलं. ती टीका होती आणि रास्त होती. त्या बायकांपैकी एक, क्यूटीसिंड्रेला, लाइव्ह येऊन रडत बोलली, तर काही जणांनी तीच चित्रं उलट तिलाच पाठवली. ट्रोलिंग म्हणजे हे. दोन्हीला एकच शब्द वापरला की जाब विचारणारा आणि छळणारा यांच्यात फरक उरत नाही.

पाहणाऱ्यांनाही एकच 'प्रेक्षक' पुरत नाही. फ्रान्समध्ये नीसजवळच्या कोंत गावात १८ ऑगस्ट २०२५ रोजी जाँ पोर्मानोव्ह या नावाने ओळखला जाणारा ४६ वर्षांचा स्ट्रीमर किक या मंचावरच्या लाइव्हदरम्यान मरण पावला. ते प्रक्षेपण १२ दिवसांहून जास्त चाललं होतं. त्याच्या चॅनेलवर त्याला थपडा मारणं, अपमान करणं, झोपू न देणं हाच कार्यक्रम असे. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण मारहाण नाही असं निष्पन्न झालं. आधीच्या चौकशीत त्याने स्वतःही आपण पीडित असल्याचं नाकारलं होतं. तरीही प्रश्न उरतो तो लाइव्ह बघता बघता पैसे पाठवणाऱ्यांचा. त्यांना 'बघे' म्हणता येत नाही, कारण बघ्या काही करत नाही, नुसता उभा राहतो. तमाशाच्या फडात दौलतजादा करणाऱ्याचं नाव घेतलं जातं, तसं इथेही पैसे देणाऱ्याचं नाव वाचून दाखवतात. पण फडात पैसा कलेवर उधळला जातो. माणसाच्या हालांवर पैसे लावणाऱ्यांना मराठीत 'भरीस घालणारे' म्हणतात, आणि अशा बातमीत तेच म्हणावं.

शेवटी दिलगिरी आणि खुलासा. 'माफी मागणं' यात मी दोषी आहे हे येतं आणि निर्णय समोरच्याच्या हातात जातो. 'दिलगिरी' म्हणजे वाईट वाटलं एवढंच, ती गाडी उशिरा आली तरी रेल्वे व्यक्त करते. म्हणून कोर्टं बिनशर्त माफी मागायला लावतात. व्हिडिओत माणूस 'माझ्याकडून चूक झाली' म्हणाला की 'मी चूक केली' म्हणाला, हेही ऐकून तसंच लिहावं. पहिल्या वाक्यात चूकच कर्ता होऊन बसते. डॉक्टर डिसरिस्पेक्टने आपलं निवेदन पोस्ट केल्यावर त्यातला 'अल्पवयीन' हा शब्द काढून टाकला, नुसतं 'एका व्यक्तीशी' असं ठेवलं आणि नंतर तो परत घातला; बदलांचा इतिहास सगळ्यांना दिसत होता. साऱ्या निवेदनाचं वजन त्या एका शब्दावर होतं आणि ते त्यालाही ठाऊक होतं. एट्रिऑकने काही काळ काम थांबवलं आणि तसले व्हिडिओ हटवण्यासाठी वकिलांचा खर्च उचलला. डॉक्टर डिसरिस्पेक्टच्या निवेदनाला मी माफी म्हणणार नाही, दिलगिरीही नाही. तो खुलासा.

आणि खुलासा म्हणजे मराठीत स्पष्टीकरण. कारणे दाखवा नोटीस आली की कर्मचारी खुलासा देतो. ज्याच्यावर बोट उठलंय तो खुलासा करतो. हिंदीत मात्र 'खुलासा' म्हणजे गुपित उघड करणं, आणि तो अर्थ वाहिन्यांवरून आपल्याकडे आल्यापासून 'पीडितेचा धक्कादायक खुलासा' अशा ओळी दिसू लागल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये शबल या अमेरिकन स्ट्रीमरने आपल्या लाइव्हमध्ये नाव न घेता सांगितलं की एका जुन्या नात्यात जोडीदार तिला शारीरिक इजा करत असे. काही दिवसांतच त्यावर विल्बर सूट या ब्रिटिश स्ट्रीमरने निवेदन काढलं. मराठीप्रमाणे यात खुलासा त्याचा. तिने 'सांगितलं', 'आरोप केला', 'वाचा फोडली', यांतलं काहीही लिहा. तिने खुलासा केला असं लिहिलं, तर जाब तिलाच विचारला होता असा अर्थ होतो.