मागे न पाहता धावलेल्या मुलाचा दोष

प्रश्न : सर, माझा सतरा वर्षांचा मुलगा एका आंतरराष्ट्रीय युवा स्पर्धेत मुलांच्या ४×१०० मीटर रिलेत दुसरा धावला. बॅटन, म्हणजे एकानं पुढच्याच्या हातात द्यायची छोटी नळी, पडला नाही, नीट हातात आला, तरी संघ बाद झाला. ‘तू लवकर सुटलास,’ असं सगळे त्याला म्हणतात. आल्यापासून तो कोणाशी धड बोलत नाही. चूक खरंच त्याचीच का? — एक आई

उत्तर : ताई, आधी संघ बाद का झाला ते सांगतो. बॅटन द्यायला-घ्यायला ३० मीटरचा झोन असतो. त्याच्या शेवटच्या रेषेपाशी मी कितीतरी वर्षं पंच म्हणून पिवळा झेंडा घेऊन उभा राहिलोय. तिथे आम्ही पाय बघत नाही, बॅटन बघतो. घेणाऱ्याचे पाय रेषेपलीकडे गेले तरी चालतात. पण बॅटन पूर्णपणे त्याच्या एकट्याच्या हातात येईल तेव्हा तो रेषेच्या आत हवा. तुमच्या मुलाच्या हातात तो आला, पण रेषा ओलांडल्यावर.

आता तो लवकर सुटला का? घेणारा धावपटू लेनवर टेपची एक खूण लावतो. खूण किती मागे लावायची, हे सरावात टाचेला टाच-बोट लावत, स्वतःच्याच पावलांच्या लांबीनं मोजून ठरवतात. मागून येणारा त्या खुणेवर आला की सुटायचं, पुढे बघत पूर्ण ताकदीनं पळायचं आणि हाक आली की हात मागे करायचा. येणारा सेकंदाला दहा मीटर धावत असेल, तर दहाव्या हिश्शाच्या सेकंदाला एक मीटर, म्हणजे तीन पावलं. स्पर्धेच्या दिवशी नजरेची एवढीशी चूक कोणाचीही होते. पण खूण चुकीच्या अंतरावर असेल तर मुलगा अगदी वेळेवर सुटूनही हाच निकाल लागतो. येणारा मुलगा आदल्या दिवशी २०० मीटर धावून दमलेला असेल, समोरून वारा असेल, तर वॉर्म-अपनंतर खूण दोन-तीन पावलं जवळ घ्यावी लागते. हा निर्णय प्रशिक्षकानं दोघांना समोर बसवून घ्यायचा असतो. शिवाय अंतर मिटत नाही हे फक्त मागच्याला दिसतं. ‘हळू!’ असं ओरडायचं कामही त्याचंच. पुढच्याला आपण मागे बघू नकोस म्हणून शिकवतो आणि मागे काय झालं याचा जाब त्यालाच विचारतो, हे मला पटत नाही.

युवा संघांत हे जास्त घडतं. चार ठिकाणची चार वेगवान मुलं शिबिरात थोडे दिवस एकत्र येतात. एकमेकांची चाल ओळखीची व्हायच्या आत स्पर्धा येते.

मी त्याच्या वयाचा असताना उलट चूक केली होती. झोनची शेवटची रेषा जवळ आलेली दिसली, घाबरलो, वेग कमी करून मागे वळून पाहिलं. बॅटन सुखरूप आला, आम्ही चौथे आलो. मला कोणी एक शब्दही बोललं नाही. पण ते पदक मी त्या वळून बघण्यात घालवलं, हे मला आजही टोचतं. तुमचा मुलगा विश्वासानं पळाला. माझ्या संघात मी त्यालाच घेतला असता.

त्याला एक हिशोब करायला सांगा. नैरोबीत २०२१ च्या २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेच्या मुलांनी ही शर्यत ३८.५१ सेकंदांत जिंकली आणि त्या वयोगटाचा विश्वविक्रम केला. चारनं भागलं तर सरासरी ९.६३ येते. उसेन बोल्टचा १०० मीटरचा विश्वविक्रम ९.५८ आहे! एवढी सरासरी येते, कारण पहिला सोडला तर प्रत्येकजण बॅटन घेतो तेव्हा आधीच वेगात असतो. जपानच्या पुरुषांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३७.६० सेकंदांत रौप्य मिळवलं, तेव्हा त्यांच्यातला एकही जण १०० मीटर दहा सेकंदांच्या आत धावलेला नव्हता. बॅटन खालून देण्याची पद्धत त्यांनी वर्षानुवर्षं घोटली होती. खुद्द बोल्टनं २००२ मध्ये किंग्स्टनला ज्युनिअर जागतिक स्पर्धेत पंधराव्या वर्षी २०० मीटरचं सुवर्ण मिळवलं, पण दोन्ही रिलेंत त्याच्या संघाला रौप्यच मिळालं.

मुलाला परत त्याच जोडीदाराबरोबर सरावाला उभं करा. बोलणं तिथून सुरू होईल.

प्रश्न : मी ४×४०० मीटर धावतो. आम्हाला मात्र बॅटन घेताना मागे बघायला सांगतात. असं का? — एक धावपटू

उत्तर : कारण येणाऱ्याचे पाय शेवटच्या पन्नास मीटरमध्ये दगड झालेले असतात. त्याचा वेग किती उरेल हे खुणेवरून कळत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. तुम्ही बॅटन त्याच्या हातून काढून घ्यायचा, त्यानं तो देण्याची वाट बघायची नाही. तुमचा झोन २० मीटरचाच असतो, आणि दुसरा धावपटू पहिल्या वळणानंतर लेन सोडून आत येत असल्यामुळे पुढच्या बदलांना गर्दी होते. तिसऱ्या आणि चौथ्या धावपटूंना पंच उभे करतात ते आपापला जोडीदार शेवटच्या वळणात शिरताना कितव्या क्रमांकावर आहे त्यानुसार. नंतर तो पुढे गेला तरी आपली जागा बदलायची नाही. आणि बॅटन पडलाच, तर ज्याच्या हातून पडला त्यानंच उचलायचा. कोणाला अडवलं नाही आणि अंतर वाचवलं नाही, तर शर्यत चालू राहते.