क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आरोग्य केंद्रापासून १० मिनिटांचं सेवाक्षेत्र (तेवढ्या वेळात रस्त्याने जिथवर पोहोचता येतं तो भाग) काढलं, तर रस्त्यांचा अख्खा लेयरच (नकाशाचा थरच) निवडला जातो. काय चुकतंय? त्यापेक्षा सरळ बफर, म्हणजे ठरावीक सरळ अंतराचा घेर, का काढू नये? आणि १२ ठिकाणांची फेरी याच टूलने आखता येईल का?

'ट्रॅव्हल कॉस्ट'च्या चौकटीत तुम्ही १० लिहिलंत ना? मग टूलने तुम्हाला १० तासांचं क्षेत्र काढून दिलंय. 'शॉर्टेस्ट' निवडलं तर ती चौकट अंतर धरते, 'फास्टेस्ट' निवडलं तर तास धरते. मिनिटं तिला कळतच नाहीत. तिथला डिफॉल्ट वेग ताशी ५० किलोमीटर, म्हणजे १० तासांत ५०० किलोमीटर. एवढ्यात तुमचा लेयर संपला असणार. १० मिनिटांसाठी ०.१६६७ टाका.

पण आकडा दुरुस्त करून थांबू नका. पहिला नकाशा निदान उघडउघड चुकलेला होता. आता जो येईल तो दिसायला छान असेल, आणि चुकलेला असला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

आधी वेग बघा. 'स्पीड फील्ड' दिलं नाही तर गल्लीबोळापासून महामार्गापर्यंत सगळीकडे गाडी ५०नेच धावते. फील्ड दिलं, पण काही ओळींत वेग रिकामा किंवा शून्य राहिला, तर तेवढ्या रस्त्यांना टूल गुपचूप पुन्हा डिफॉल्ट वेग लावतं. इशारा वगैरे काही नाही. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या डेटात बऱ्याच रस्त्यांची वेगमर्यादा भरलेली नसते, त्यामुळे रस्त्याच्या प्रकारावरून वेग स्वतःच ठरवून भरावा लागतो. आणि हा अंदाज हलक्यात घेऊ नका. ५०च्या वेगाने १० मिनिटांत ८.३ किलोमीटर होतात, २५च्या वेगाने ४.२. पोहोच निम्मी झाली, पण क्षेत्रफळ साधारण चौथ्या हिश्श्यावर आलं. तुमच्या अहवालातला 'इतके लोक १० मिनिटांच्या आत' हा आकडा शेवटी या एका कॉलमवर उभा असतो. मी नेहमी दोन वेगांनी दोन नकाशे काढतो आणि दोन्ही दाखवतो. लोकांना आवडत नाही, त्यांना एकच आकडा हवा असतो.

मग एकेरी रस्ते. 'डिरेक्शन फील्ड' रिकामं सोडलं की सगळे रस्ते दुहेरी धरले जातात. जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून ओपनस्ट्रीटमॅपची शेपफाइल (नकाशाची डेटा फाइल) घेतली असेल तर 'वनवे' कॉलममध्ये एफ, टी आणि बी सापडतील: एफ म्हणजे रेघ ज्या दिशेने काढली त्या दिशेने, टी म्हणजे उलट, बी म्हणजे दोन्हीकडून. इथे एक प्रश्न स्वतःला विचारा, जो फार कमी लोक विचारतात. रुग्णवाहिका केंद्रातून निघणार आहे, की रुग्ण केंद्राकडे येणार आहेत? एकेरी रस्ते असले की ही दोन क्षेत्रं वेगळी निघतात. टूल बाहेर जाणारा प्रवास मोजतं. आत येणारा हवा असेल तर पुढच्या आणि मागच्या दिशेसाठी दिलेल्या खुणांची (एफ आणि टी) अदलाबदल करून चालवा. वळणबंदी मात्र ही टूल्स पाळत नाहीत. ती महत्त्वाची असेल तर पीजीरूटिंग किंवा ओएसआरएम या मार्ग काढणाऱ्या वेगळ्या सॉफ्टवेअरकडे जावं लागेल.

आता खरी डोकेदुखी: रस्त्यांच्या रेघा एकमेकींना जोडलेल्या आहेत का? माझ्या सुरुवातीच्या एका कामात एक मोठी वस्ती सेवाक्षेत्राबाहेर दिसत होती. मुख्य रस्त्याला लागून असलेली वस्ती! दोन दिवस मी वेग आणि दिशा तपासत बसलो. शेवटी खूप झूम केल्यावर दिसलं की वस्तीकडे जाणारी रेघ मुख्य रस्त्याच्या दीड मीटर अलीकडेच संपली होती. माणसाच्या डोळ्याला तो रस्ता, संगणकाला ती दरी. अशा फटींसाठी 'टोपोलॉजी टॉलरन्स' (किती जवळची टोकं जोडलेली मानायची ते अंतर) असतं, पण ते लेयरच्या एककात मोजलं जातं. लेयर अक्षांश-रेखांशाच्या अंशांमध्ये असेल आणि तुम्ही १ लिहिलंत, तर अक्षांशाच्या दिशेने १११ किलोमीटरच्या आतली सगळी टोकं एकच मानायला सांगितलीत. म्हणून आधी लेयर यूटीएमसारख्या मीटरवाल्या प्रोजेक्शनमध्ये आणा. त्यानंतरही टॉलरन्स एक-दोन मीटरच्या पुढे नेऊ नका, मोठ्या फटी हातानेच दुरुस्त करा.

उलट चूकही होते. रेघा जिथे जिथे छेदतात तिथे तोडून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. तसं केलं की उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता यांचा चौक तयार होतो आणि तुमची गाडी पुलावरून थेट खाली उतरते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये खऱ्या चौकात दोन्ही रस्त्यांचा एक सामाईक बिंदू असतो, पुलावर नसतो. तो डेटा आहे तसाच ठेवा, क्यूजीआयएसला पुरतो. तोडायची वेळ सहसा कॅडमधून (आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमधून) आलेल्या रेघांवर येते, आणि तेव्हा पूल आधी बाजूला काढा.

बफरबद्दल. समजा रस्ते अगदी आदर्श आहेत, दाट आणि काटकोनी जाळी. तरी ५ किलोमीटर चालून पोहोचता येणारं क्षेत्र वर्तुळ नसतं, कोनावर उभा केलेला चौरस असतो: ५० चौरस किलोमीटर. बफर मात्र ७८.५ दाखवतो. म्हणजे नदी नाही, रेल्वेमार्ग नाही, एकेरी रस्ता नाही, तरीही बफर दीडपटीहून जास्त फुगवतो. मध्ये नदी असेल आणि पूल एकच, तर विचारूच नका.

टूल तुम्हाला रेघा देतं, बहुभुज नाही. लगेच 'कॉन्व्हेक्स हल' (सगळ्यांना बाहेरून वेढणारा ताणलेला घेर) घालू नका, तो मधले डोंगर आणि तलावही सेवेत घेतो. मला दोनशे-तीनशे मीटरचा बफर त्या रेघांभोवती काढणं बरं वाटतं. लोकसंख्याच मोजायची असेल तर घरांचे किंवा वस्त्यांचे बिंदू त्यावर टाकून मोजा. केंद्रं एकाहून जास्त असतील तर क्षेत्रं आधी एकत्र करा, नाहीतर मधली माणसं दोनदा मोजली जातात.

१२ ठिकाणांच्या फेरीचं उत्तर: नाही, या टूलने नाही. सेवाक्षेत्र आणि दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग ही मुळात एकच आकडेमोड आहे, संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने १९५९ साली छापलेली. केंद्रापासून खर्च (अंतर किंवा वेळ) वाढवत बाहेर सरकायचं. ठिकाण सापडल्यावर थांबलात तर मार्ग, खर्च संपल्यावर थांबलात तर सेवाक्षेत्र. फेरीत मात्र क्रम ठरवायचा असतो, आणि १२ ठिकाणांचे क्रम ४७ कोटी ९० लाख होतात. पीजीरूटिंगमध्ये सगळ्या जोड्यांमधल्या वेळांचा तक्ता आधी तयार करून तो 'पीजीआर टीएसपी' या फेरीचा क्रम काढणाऱ्या फंक्शनला देता येतो. गाड्या अनेक असतील, प्रत्येकीची क्षमता आणि प्रत्येक ठिकाणाची वेळ ठरलेली असेल, तर व्हरूम हे फेऱ्या आखणारं सॉफ्टवेअर वापरा. ते ओएसआरएमवर चालतं. १२ ठिकाणं आणि एकच गाडी असेल, तर मी त्या भागात रोज गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरलाही क्रम लिहून मागेन आणि दोन्ही शेजारी ठेवून बघेन. फरक पडला तर पहिल्यांदा वेगाचा कॉलम उघडा.