शब्दशंका: ‘पँडेक्ट’ म्हणजे संहिता का?

प्रश्न: रोमन कायद्यावरचा इंग्रजी लेख मराठीत आणताना ‘पँडेक्ट’साठी मी ‘संहिता’ लिहिलं. सरांनी त्यावर लाल गोल काढला. काय चुकलं? हा शब्द ‘पंडित’वरून आला आहे का?
– विधी शाखेची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: ‘पंडित’शी याचा काही संबंध नाही. शब्द ग्रीक आहे. ‘पान’ म्हणजे सगळं आणि ‘देखेस्थाइ’ म्हणजे स्वीकारणं. सगळं पोटात घेणारा ग्रंथ तो पँडेक्ट. रोमन सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३० मध्ये ट्रिबोनियन या विधिज्ञावर असा ग्रंथ करण्याचं काम सोपवलं. सुमारे २,००० जुन्या ग्रंथांतले उतारे निवडून ५० भागांचा ग्रंथ ५३३ च्या डिसेंबरात जाहीर झाला. त्याचंच लॅटिन नाव ‘डायजेस्ट’, म्हणजे निवडून, विषयवार लावलेलं.

सरांचा गोल योग्य आहे. जस्टिनियनचा ‘कोडेक्स’ हा वेगळा ग्रंथ, १२ भागांचा. त्यात सम्राटांची फर्मानं आहेत, तर पँडेक्टमध्ये विधिज्ञांची मतं. मराठीत ‘कोड’ला ‘संहिता’ रूढ आहे, जसं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. पँडेक्टलाही तोच शब्द दिला तर पुढच्या परिच्छेदात ‘कोडेक्स’ आला की तुमची पंचाईत होणार.

‘संहिता’ मुळात कायद्याचा शब्दही नव्हे. सम् + धा, म्हणजे एकत्र ठेवणं. ‘संधी’ही त्याच धातूचा. पाणिनी तो वर्णांच्या अत्यंत जवळिकीसाठी वापरतो: ‘परः सन्निकर्षः संहिता’. (अनुस्वार ‘सं’वर, ‘सहिंता’ नको.)

पँडेक्टच्या सर्वांत जवळचा आपला शब्द ‘निबंध’. शाळेतला नव्हे, धर्मशास्त्रातला! अनेक स्मृतींची वचनं विषयवार लावून त्यांचा मेळ घालणारा ग्रंथ म्हणजे निबंध. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) हे त्याचं ठळक उदाहरण. फरक एवढाच की निबंधकार स्वतःच्या विद्वत्तेवर लिहीत. पँडेक्टला सम्राटाने कायद्याचं बळ दिलं होतं. म्हणून लेखात सरसकट ‘निबंध’ही घालू नका. पहिल्या उल्लेखाला ‘पँडेक्ट (विधिज्ञांच्या मतांचा संग्रह)’ लिहा, नंतर नुसतं ‘पँडेक्ट’.

पँडेक्टमधल्या उताऱ्यांच्या संदर्भाचे आकडे मात्र तसेच ठेवा. ९.२.१ म्हणजे नववा भाग, दुसरं प्रकरण, पहिला उतारा. त्याला ‘कलम १’ म्हटलंत, तर वाचक अल्पियन या विधिज्ञाच्या लेखनातला उतारा कायद्याचं कलम समजून वाचेल.