मेडिकल टाकायचं की जुन्या गोळ्यांवर संशोधन?

भाऊ, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं मुख्य ते असं: मुलगी शिरपूरला बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. पास झाली की तिला रावेरात मेडिकल टाकून द्यायचं, गाळाही पाहून ठेवलाय. ती मात्र म्हणते, डायबेटिसची जुनी मेटफॉर्मिन लिव्हरच्या कॅन्सरवर चालते का, यावर संशोधन करायचंय. तीच गोळी तुम्हालाही चालू आहे, म्हणून विचारताय, ‘यात काही तथ्य आहे की पोरीचं खूळ?’

खूळ नाही. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे बाळं व्यंग घेऊन जन्मली, म्हणून १९६१ साली ते बाजारातून काढलं; तेच पुढे कुष्ठरोगातल्या गाठींवर आणि मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवर परत आलं. सोराफेनिब अमेरिकेत २००५ साली किडनीच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, २००७ साली लिव्हरच्या.

मेटफॉर्मिनचं घोडं मात्र पुराव्यापाशी अडलंय. ती घेणाऱ्या डायबेटिसच्या पेशंटमध्ये लिव्हरचा कॅन्सर कमी दिसतो, हे बऱ्याच पाहण्यांत आढळलं. पण ज्यांची किडनी किंवा लिव्हर फारच खराब, त्यांना डॉक्टर ही गोळी सहसा देत नाहीत, इन्सुलिन देतात. म्हणजे गोळीवाले मुळातच बऱ्या तब्येतीचे. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तोच केळीची टिश्यूकल्चर रोपं लावतो. मग घड मोठा आला तर श्रेय रोपाचं की पाण्याचं? त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून चाचणी घ्यावी लागते. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांकडूनही अशीच आशा होती. फ्रान्समध्ये सोराफेनिबच्या जोडीला प्रॅव्हास्टॅटिन दिली. २०१९ साली निकाल छापून आला, पेशंटचं आयुष्य काही वाढलं नाही. (तुम्ही तुमची गोळी शुगरपुरतीच घ्या. लिव्हरच्या नावाने मनाने डोस वाढवू नका.)

म्हणून या वाटेवर प्रयोगशाळेइतकंच, माझ्या मते थोडं जास्तच, संख्याशास्त्र लागतं. ते तिने आतापासून हाती घ्यावं. पुढे फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषध शरीरात कसं काम करतं या विषयात, एम.फार्म.; जीपॅट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतनही मिळू शकतं. मग पीएच.डी.साठी टाटा मेमोरियलचं खारघरचं कॅन्सर संशोधन केंद्र, अॅक्ट्रेक, नजरेसमोर ठेवावं.

पैशाचं स्पष्ट सांगतो. जुन्या गोळीचं पेटंट संपलेलं असतं, कंपन्यांना त्यात नफा दिसत नाही. असलं संशोधन बरंचसं सरकारी अनुदानावर चालतं आणि चांगला पगार उशिरा लागतो. पण चाचण्यांचा डेटा हाताळता आला की पुण्या-मुंबईत क्लिनिकल ट्रायलच्या कंपन्यांत काम मिळतं. पोर रिकामी बसणार नाही.

बी.फार्म. झाल्यावर फार्मसी कौन्सिलची नोंदणी तिने करूनच ठेवावी; मेडिकल नंतरही टाकता येईल. जीपॅट शेवटच्या वर्षात देता येते. तो निकाल लागेपर्यंत गाळ्याचा इसार देऊ नका.