महागडं रीळ घेऊ की नको?

प्रश्न : काका, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, उद्यमबागेत एका शॉपमध्ये सीएनसी लेथवर असतो. मला तू म्हटलंत तरी चालेल. मलप्रभेत गांडूळ लावून गळ टाकत लहानाचा मोठा झालो, आता फ्लाय फिशिंगचा नाद लागलाय. मित्राकडून आठ नंबरची जुनी दांडी मिळाली. रीळ आणि लाइन घ्यायची आहे, हातात २५,००० आहेत. दुकानदारानं दोन रिळं दाखवली, एक ३,५०० चं आणि एक २१,००० चं. "रीळ आयुष्यात एकदाच घ्यायचं असतं," असं म्हणत तो महागाचं गळ्यात मारतोय. घालावेत का एवढे पैसे? आणि शॉपमध्ये आम्ही याहून किचकट पार्ट काढतो, मग रीळ घरचंच का काढू नये?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : २१,००० चं घेऊ नकोस. ३,५०० चंही नको, त्याचं कारण खाली येतंच आहे. पण दुकानदाराशी घासाघीस करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, ती म्हणजे फ्लाय फेकताना रिळाचं काम काहीच नसतं.

तुझ्या गांडुळाच्या गळाला शिसं असतं. ते शिसं उडतं आणि मागून तंगूस ओढून नेतं. फ्लायला असं वजनच नाही, हुकावर बांधलेली चार पिसं आणि थोडे केस एवढाच तो मामला. इथं वजन असतं ते लाइनला. आठ नंबर म्हणजे लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन २१० ग्रेन, आपल्या हिशेबात साधारण साडेतेरा ग्रॅम. पाच नंबरला तेच १४० ग्रेन. फेकायची तेवढी लाइन तू आधीच हातानं काढून पायाशी सोडलेली असतेस. मग दांडी त्या वजनानं वाकते, सुटते आणि लाइन पुढं जाते. या सगळ्यात रीळ खाली नुसतं लटकलेलं असतं. म्हणून पैसा आधी लाइनला.

त्यातही आपल्याकडं एक भानगड आहे. बाजारात येणाऱ्या बऱ्याच लाइनी थंड पाण्यातल्या ट्राउटसाठी बनवलेल्या असतात. एप्रिलात चिकोडी-रायबागकडं कृष्णाकाठी दुपारी उभा राहिलास की अशी लाइन मऊ पडते, चिकट होते, दांडीच्या कड्यांना धरून बसते. मग फेक जात नाही आणि माणूस स्वतःच्या मनगटाला दोष देत बसतो. डब्यावर 'ट्रॉपिकल' किंवा 'वॉर्म वॉटर' लिहिलेलीच माग. तिचा लेप कडक असतो. सहा-सात हजार गेले तर जाऊ देत, तिथं हात आखडू नकोस.

आता रीळ. ते कुठं कामाला येतं हे माशावर आहे. चिलापी लागली तर लाइन हातानंच ओढून घेतोस, रिळाला कळतही नाही. मरळ घ्यायचीस तर तिला लाइन द्यायचीच नसते. दिलीस की ती शेवाळात किंवा मुळांत शिरलीच म्हणून समज. ड्रॅग, म्हणजे रिळातला ब्रेक, पूर्ण आवळून नेटानं बाहेर काढायची. तिथं ३,५०० चं आणि २१,००० चं रीळ एकच काम करतं. फरक पडतो तो खडस, म्हणजे महाशीर, लागल्यावर. महाशीरची पहिली धाव तू बघितली असशील नाहीतर बघशील. प्रवाहाच्या दिशेनं सुटतो तो, आणि पायाशी पडलेली लाइन संपून रीळ फिरायला लागतं. त्या क्षणी रीळ धक्का न देता सुरू होतं का, यावर मासा राहणार की जाणार हे ठरतं.

हे तपासायला दुकानदाराची बडबड ऐकायची गरज नाही. भंगारवाल्याकडं असतो तो हुकाचा स्प्रिंग काटा घेऊन जा. टिपेट म्हणजे फ्लाय बांधतात तो टोकाचा बारीक तंगूस. १२ पौंडांचा टिपेट साडेपाच किलोला जरा कमी ओढ सोसतो. ड्रॅग त्याच्या पाव हिश्शावर ठेवतात, म्हणजे साधारण १.३ किलो. रिळावरची दोरी काट्याला बांध, ड्रॅग तेवढ्यावर लाव आणि थांबलेल्या रिळावरून हळू ओढ. काट्याची सुई आधी दोनच्या वर उडून मग १.३ वर आली, तर ते रीळ तिथंच ठेव. थांबलेलं घर्षण आणि चालतं घर्षण यांतला तो फरक आहे, टिपेट त्याच झटक्यात तुटतो. सुई सरळ १.३ ला जाऊन तिथंच थरथरत राहिली, तर रीळ किमतीनं कितीही असो, कामाचं आहे. आणि हो, "आमचा ड्रॅग दहा किलो धरतो" या जाहिरातीला हसून मान डोलव. दहा किलोला तुझा टिपेट कधीच गेलेला असेल.

दुसरी गोष्ट मधल्या ढोलाची, ज्यावर दोरी गुंडाळतात त्याची. ढोल मोठा असलेलं, 'लार्ज आर्बर' म्हणतात तसलंच रीळ घे. तू लेथवरचा माणूस, तुला लगेच पटेल. ड्रॅगचा टॉर्क, म्हणजे फिरण्याला होणारा अडसर, ठरलेला, पण ओढ ही टॉर्क भागिले त्रिज्या. भरलेल्या रिळाची त्रिज्या ४ सेंटिमीटर असताना तू १.३ किलो लावलेस. माशानं लाइन नेऊन त्रिज्या ३ वर आणली की तोच ड्रॅग १.७ च्या पुढं गेला, आणि तोही नेमका मासा लांब असताना. ढोल मोठा असला की हा फरक कमी राहतो. वर एका फेऱ्यात लाइनही जास्त गोळा होते.

३,५०० चं का नको? त्या किमतीत बहुतेक डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेला, माल येतो. कास्टिंगमधली पोकळी तुला मी काय सांगू! खडकावर एकदा आपटलं की कड वाकते नाहीतर टवका उडतो, मग स्पूल, म्हणजे दोरी भरलेला फिरता भाग, फ्रेमला घासत फिरतो. स्पूल आणि फ्रेम यांच्यातली फटही नीट नसते, लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक तंगूस, म्हणजे लीडर, त्या फटीत जाऊन बसतो. स्पूल जोरात फिरवून कडेकडं बघ. तुझ्या डोळ्याला डायल गेज लागणार नाही, रनआउट, म्हणजे फिरताना कडेचं डुलणं, दिसेलच. मुठीच्या समोरच्या बाजूला तोलासाठी वजन दिलंय का तेही बघ. नसेल तर माशाच्या धावेत रीळ हातात थडथडतं.

या दोघांच्या मधलं, बारमधून मशिन केलेलं, डिस्क ड्रॅगचं, सात-आठ हजारांच्या आसपासचं रीळ घे. उरलेले बॅकिंग (लाइनच्या मागं रिळावर भरायची दोरी), लीडर, फ्लाय यांत जातात, कसे जातात ते विचारू नकोस.

आता तुझा खरा प्रश्न, घरचंच काढायचं का. काढ की! बेळगावच्या पोरानं हे विचारलं याचाच मला आनंद झाला. ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचा गोल बार घे. फ्रेम सोपी आहे. स्पूल रडवेल. भिंत दीड-दोन मिलिमीटरवर आली की चकच्या पकडीनंच ती तिकोनी होते. चकात गोल दिसते, सोडली की फुगते. सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) त्याच मापाला बोअर करून घे, रफ काढून माल एक रात्र सोड आणि मग फिनिश मार. भोकं फिनिशच्या आधी पाड, वजन त्यातच कमी होतं. भोकांच्या कडांची बर, म्हणजे कापताना राहिलेली धार, बोटानं नाही, जुन्या नायलॉन मोज्यानं तपास. मोजा अडकला तर लाइनही सोलणार.

ड्रॅग मात्र सगळा घरी काढायच्या फंदात पडू नकोस. एका दिशेनं फिरणारं सुई-रोलर क्लच बेअरिंग बाजारात मिळतं. त्याचे रोलर थेट शाफ्टवर चालतात, म्हणून शाफ्ट हार्ड करून ग्राइंड केलेला हवा. साध्या ईएन-८ पोलादाचा लावलास तर महिन्याभरात चर पडतील. त्या बेअरिंगचं कवच पातळ असतं, त्याला गोलाई देतं ते तुझं बोअर. ॲल्युमिनियमच्या घरात फिट थोडा घट्ट ठेव, कॅटलॉगमध्ये स्टीलचं माप दिलेलं असतं. डिस्कला कार्बन फायबर वापर, नाहीतर जुन्या पद्धतीचं बूच. शेवटी हार्ड ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर चढवायचा कडक थर), आणि बोअर झाकायला विसरू नकोस, थर चढला की माप गेलं. मशिन रिकामं असताना आणि मालकांना विचारून कर, एवढं सांगतो.

बॅकिंग २० पौंडांचं, शंभरेक मीटर भरलंस की आपल्या पाण्यांना पुरे. खडस लागला तर तापलेल्या पाण्यात त्याला खेळवत बसू नकोस, लवकर आण आणि सोडून दे. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर दांडी जोडायचीसुद्धा नाही. तुझ्या तालुक्यातलंच आहे म्हणून सांगून ठेवलं.

प्रश्न : आमच्या ह्यांनी मासे धरायचं रीळ आणलं आणि सहा हजारांचं म्हणून सांगितलं. पँट धुवायला टाकताना खिशात बिल सापडलं, २६,००० चं! ते हिडकलच्या बॅकवॉटरला जातात, आणि सुट्टीत कारवारला दिरांकडं गेलं की तिथंही खाडीवर जातात. फसले का हो हे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : वहिनी, नुसतं हिडकल असतं तर मी तुमच्या बाजूनं बोललो असतो. कारवारनं घोटाळा केला. काळी नदीच्या खाडीत जिताडा आणि तांबोशी असतात, आणि पाणी खारं. ॲल्युमिनियमच्या अंगात स्टीलचे स्क्रू, त्यात खारं पाणी शिरलं की दोन धातूंच्या जोडावर पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू जाम होतात. ड्रॅगमध्ये मीठ गेलं की डिस्क चिकटतात. महाग रिळांत ड्रॅग सीलबंद असतो, ॲनोडायझिंग जाड असतं. जास्तीचे पैसे खऱ्या अर्थानं कुठं वसूल होत असतील तर खाऱ्या पाण्यात. बिलावर 'सील्ड ड्रॅग' लिहिलंय का बघा. असेल तर हे फसले नाहीत. नसेल तर बदलून आणायला लावा, बिल तुमच्याकडं आहेच.

कारवारहून आल्यावर रीळ गोड्या पाण्याखाली धरून धुवायला सांगा. धार बारीक हवी, जोराची नको, जोराच्या धारेनं मीठ आत ढकललं जातं. मग ड्रॅग पूर्ण सैल करून सावलीत ठेवायचं. आवळून ठेवला की डिस्क दबून बसतात. वीस हजारांचा फरक का लपवला, याचं उत्तर देणं मात्र या सदराच्या हद्दीबाहेर आहे.

प्रश्न : कॅम्पातलं आमचं जुनं घर पाडताना आजोबांच्या ट्रंकेत एक रीळ सापडलं. वर 'हार्डी' आणि 'ॲल्निक' अशी अक्षरं आहेत. फिरवलं की कटकट वाजतं. भंगारात द्यावं की चकचकीत करून शोकेसमध्ये ठेवावं?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : दोन्ही नको! हार्डी ही इंग्लंडमधल्या ॲल्निक गावची कंपनी, १८७२ सालची. त्यांचं 'परफेक्ट' नावाचं रीळ १८९१ मध्ये आलं, त्यात बॉल बेअरिंग होतं. तुमच्या रिळावर तेच नाव आहे का ते भिंगातून बघा. छावणीतल्या कुणा साहेबाकडून आजोबांकडं आलं असावं. ती कटकट म्हणजे बिघाड नव्हे. आत दातेरी चाकावर स्प्रिंगनं दाबलेली खिट्टी असते, तीच तेव्हाचा ड्रॅग. खिट्टी झिजली असेल तर चांगला टर्नर नवी करून देईल, जुनी मात्र फेकू नका.

पितळ पॉलिश, लिंबू, रेती यांतलं काहीही लावू नका. मूळ काळपट रंग घासला गेला की जाणकार गिऱ्हाईक निम्मी किंमतही देत नाही. रीळ दांडीला जिथं बसतं तो खालचा पाय कुणी कानशीनं घासलाय का बघून मला कळवा, आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा.